इगतपुरी, भुसावळ, वडाळा

गवत दिसलं की घाडीकाका चप्पल काढायचे. देवळाच्या पायरीशी काढतात तशी सावकाश नाही. समुद्राच्या पाण्यात उतरायचंय आणि कुणीतरी अडवेल अशा घाईने. हॉस्पिटलचं आवार असो, दादरच्या लग्नाच्या हॉलसमोरचा हिरवा पट्टा असो, कुणाच्या सोसायटीची बाग असो. 'गवतावर चालू नये' अशी पाटी असेल तर चपला त्या पाटीवरच अडकवायचे. मग मध्यभागी जाऊन उभे. पाय जुळवून, मान खाली, दोन्ही हात मागे. वॉचमन ओरडत यायचा तोवर त्यांचं बघून झालेलं असायचं. आणि बरोबर जो कोणी असेल त्यालाही ते गवतात बोलवायचे. "वायच उभी रव हयसर. सांग, कसा लागता?"

हे 'कसा लागता' मी तीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! 'छान लागतं' हे उत्तर त्यांना चालत नसे. "छान म्हंजे काय? छान चाय पण लागता. थंड लागता काय ओला? टोचता काय नुसता गुदगुल्या करता? टाचेखाली भरीव आसा काय पोकळ?" मला वाटायचं, म्हातारा परीक्षा घेतोय. निवृत्त माणसाला शिकवण्याची हौस असते, आणि मला शिकवलेलं आवडत नाही. स्पष्टच लिहिते, पहिले काही महिने मी त्यांच्यावर वैतागलेलीच असायचे.

आमची भेट झाली ती भांडणात. लालबाग आणि परळच्या मध्ये आमच्या दोन चाळी समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्या पोटात एक मैदान आहे. खो-खोची दोन मैदानं शेजारी शेजारी मावतील एवढं. चाळीचा रहिवासी संघ त्याचा मालक. एका मे महिन्यात संघाचे अध्यक्ष पेडणेकर यांनी जाहीर केलं की एक दाता मैदानावर फुकट प्लास्टिकचं गवत, म्हणजे टर्फ, बसवून देणार आहे. पाणी नको, माळी नको, कापणी नको. बदल्यात चहूबाजूंनी जाळी, दात्याच्या नावाचा फलक आणि संध्याकाळचे तास बाहेरच्यांना भाड्याने. म्हणजे ज्या वेळी आमच्या चाळीतली मुलं-मुली खाली उतरतात नेमक्या त्याच वेळी त्यांनी जाळीबाहेर उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. ह्याला फुकट म्हणतात!

मी पत्रकं काढली. एकामागून एक पाच. प्लास्टिकचे कण, जमिनीत न मुरणारं पाणी, सार्वजनिक जागांचं खाजगीकरण. प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह. आमच्याच मजल्यावर त्यांत भजी बांधलेली मी पाहिली.

रविवारच्या सभेला पेडणेकरांनी नमुना आणला होता, फूटभर लांबीरुंदीचा चौकोनी हिरवा तुकडा. मी भाषणाला उभी राहिले तेव्हा मागच्या रांगेतला एक वाळका, सत्तरी ओलांडलेला माणूस उठला, टेबलावरून तो तुकडा उचलला आणि बाहेर उन्हात नेऊन ठेवला. परत येऊन बसला. माझं भाषण अर्धा तास चाललं. ते संपल्यावर तो म्हणाला, "झाला? आता भायेर या सगळी."

बाहेर त्याने चप्पल काढली आणि त्या तुकड्यावर उभा राहिला. शांत. पेडणेकर हसले, "बघा, काका आरामात उभे आहेत. कुठे काय होतंय?" काका त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "चेडवा, तू ये."

मी उभी राहिले आणि किंचाळून बाजूला उडी मारली.

"कसा लागता?"

"जळतंय!"

"जळता ता समाजला. कितपत? तापल्या लादीसारखा काय तव्यासारखा?"

"तव्यासारखं!"

"हां. आता ह्या लिव पत्रकात. बाकीचा आमका समजणा नाय."

सहावं पत्रक दोन ओळींचं निघालं. 'मंगळवारी दुपारी बारा वाजता मैदानात या. चप्पल काढून नमुन्यावर उभे राहा.' दोन्ही चाळी आल्या. बायका आल्या, पोरं आली, पेडणेकरांची नव्वदीच्या घरातली आई स्वतः काठी टेकत आली, एक पाय ठेवला आणि मुलाला चार शब्द ऐकवून गेली. त्या दिवशी मी काकांच्या टाचेला मोठा फोड आलेला पाहिला. ते त्यावर सरळ चालत होते. नवी चप्पल चावली असेल, असं मला वाटलं. मी विचारलंसुद्धा नाही.

पेडणेकर हरले नव्हते, थोडे मागे सरले होते. "ठीक आहे मॅडम," ते मला म्हणाले, "दसऱ्यापर्यंत वेळ घ्या. दसऱ्याला सभा, सभेत हात वर. तोपर्यंत मैदान हिरवं आणि सपाट दिसलं तर तुमचं गवत. नाहीतर टर्फ, आणि मग एकही पत्रक नको."

असा आमचा सौदा ठरला, आणि गवतातलं मला ओ का ठो कळत नव्हतं.

घाडीकाका रेल्वेत माळी होते. सगळी नोकरी स्टेशनांच्या बागा आणि साहेबांच्या बंगल्यांची हिरवळ राखण्यात गेली. आज इगतपुरी, उद्या भुसावळ, मग वडाळ्याच्या यार्डाजवळ, मग पुन्हा घाटावर. बायको लवकर गेली, मुलगा कणकवलीकडे गावी. काका समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एकटे राहायचे आणि त्यांच्या दारापुढची गॅलरी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांनी भरलेली होती. खोकी चंद्रामावशीची. चाळीच्या फाटकाशी तिची टोपली, तिची आई बसायची तेव्हापासूनची जागा. बर्फ संपला, खोकं रिकामं झालं, की ते काकांकडे जायचं. प्रत्येक खोक्यात माती आणि मातीत वेगळं गवत. एकात केसासारखं बारीक, एकात रुंद पानाचं पोपटी, एकात ताठ आणि निळसर. सगळ्यांना पापलेटचा वास.

"हे कोणतं?"

"इगतपुरी."

"गवताचं नाव विचारतेय मी."

"ताच सांगतंय. ह्या इगतपुरी. सावली, ओल, थंडी, काय पण चलता. ऊन लागला की रडता. ह्या बारीक, ह्या भुसावळ. उन्हात नाचता. दोन महिने पाणी देव नको, सुकून पिवळा जाता, पण मरणा नाय. पाऊस इलो की उठला. आणि ह्या वडाळा. मिठागराच्या बांधावरसून आणलंय. खाऱ्या पाण्यात हसता."

भुसावळ म्हणजे आपली हरळी, हे मी तिच्या तीन पानांवरून ओळखलं. बाकीच्यांना शास्त्रातली नावं आहेत, मी नंतर शोधून काढली, पण काकांसमोर ती घ्यायची सोय नव्हती. ते साहेबांची गोष्ट सांगायचे. प्रत्येक नवा साहेब बदली होऊन आला की मागच्या गावची हिरवळ मागायचा. घाटावरून आलेल्या एकाने भुसावळच्या बंगल्यासमोर घाटावरचंच गवत लावायला लावलं. दिवसातून तीनदा पाणी, वर हिरवं कापड, दोन माळी राबायला. एप्रिलात सगळं जळून चटई झाली. "सायबाची बदली होता," काका म्हणायचे, "गवताची होणा नाय. जेका जा गाव मानवता थंयच ता सुखी. मग तुमका काय करूचा लागणा नाय. नुसते उभे रवा."

कमी राबायला लावणारं गवत कुठलं, याचं त्यांचं उत्तर एवढंच होतं. पण ते ऐकेपर्यंत मी सातवं पत्रक छापून मोकळी झाले होते: 'आपली माती, आपली हरळी! संपूर्ण मैदानात एकच देशी गवत!'

काकांनी ते पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "बरा लिवलंस. गवताक इचारलंस?"

"काका, लोकांना एक सोपी घोषणा लागते."

"लोकांका लागता. गवताक लागणा नाय."

मग त्यांनी मला मैदानभर अनवाणी फिरवलं. सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला, असं तीन दिवस. प्रत्येक दहा पावलांवर थांबवून 'कसा लागता'. मी चिडून उत्तरं देत होते आणि ती उत्तरं ते खडूने चाळीच्या भिंतीवर लिहीत होते. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की मी एका नाही, तीन मैदानांवर चालत होते. पूर्वेच्या कडेला समोरच्या टॉवरची सावली दुपारपर्यंत हलत नाही; तिथली माती गार, दमट. मधला भाग दुपारभर भट्टी. आणि फाटकाजवळचा कोपरा, जिथे चंद्रामावशी आणि तिच्या दोन बहिणी वर्षानुवर्षं खोकी धुतात, बर्फाचं खारं पाणी ओततात, तिथे कधी एक पान उगवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"दिसली तीन गावा?" काका म्हणाले. "टॉवरखाली इगतपुरी, मधी भुसावळ, चंद्राकडे वडाळा."

चंद्रामावशी तिथूनच ओरडली, "वडाळ्याला कशाला पाठवतोस रे मला? माझा धंदा इथे आहे!"

सातवं पत्रक मी रद्दीत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पाऊस लागल्यावर कामाला सुरुवात झाली. आधी मातीतला राडारोडा वेचला, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या. मग तबेल्यातून शेण आणलं, गवताचे पेरापेरावर तुकडे केले, शेणामातीच्या काल्यात कालवले आणि सारवण घालावं तसे जमिनीवर पसरले. काका अनवाणी मधोमध उभे राहून हुकूम सोडायचे. मी त्यांना बूट घालायला सांगितलं की म्हणायचे, "बूट घालून गवत कळता काय?" दोन आठवड्यांत जमिनीवर हिरवी लव आली. मी लगेच चहूबाजूंनी दोरी बांधली. आत कुणीही यायचं नाही, मांजरसुद्धा नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ पहारा दिला, पोरांना हाकललं, त्यांच्या आयांशी भांडले. दीड महिना त्या मैदानावर माणसाचं पाऊल पडलं नाही. मला माझाच अभिमान वाटत होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली आले आणि जागच्या जागी थिजले. दोरीच्या आत तीस-चाळीस माणसं ओणवी बसलेली. बायका, पुरुष, शेजारच्या गल्लीतलेही, प्रत्येकाच्या हातात पिशवी. भुसावळ खुडलं जात होतं.

आमच्याकडे घराघरात गणपती आहे. प्रत्येकाला एकवीस दूर्वांच्या जुड्या लागतात, तीन पानांच्या, कोवळ्या. आणि त्या पायदळी तुडवलेल्या चालत नाहीत. सबंध लालबाग-परळमध्ये दीड महिना पाऊल न पडलेली हरळी कुठे होती? मीच राखून ठेवली होती. माझ्या दोरीनेच ती देवाला चालण्याजोगी करून ठेवली होती.

हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी ओरडले. ज्या बाईच्या हातात पिशवी दिसली तिच्या हातातून ती हिसकावली. मग फोन काढला, सगळ्यांचे फोटो काढले आणि चाळीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: 'मैदानाचे मारेकरी ओळखा.' दोरीला पाटी लावली: 'दूर्वा तोडणाऱ्यांची नावं फळ्यावर लागतील.' फोटोंत सगळ्यात पुढे, जमिनीवर फतकल मारून बसलेली, पेडणेकरांची आई होती.

तासाभरात ग्रुप पेटला. गणपतीच्या दूर्वा अडवते, म्हातारीला मारेकरी म्हणते, हिला देव नाही की धर्म नाही. पेडणेकरांनी एकच ओळ टाकली, "दसऱ्याला बोलू." मला तेव्हा कळलं की मी मत मागायला निघाले होते आणि दोन्ही चाळींतल्या एकूण एक घराशी भांडून बसले होते. गवत एका बाजूने जात होतं, माणसं दुसऱ्या बाजूने.

मी रडत काकांकडे गेले. ते चहा पीत होते. सगळं ऐकून घेतलं, कप विसळून पालथा घातला, स्टूल उचललं आणि खाली आले. पाटी काढून बगलेत मारली. दोरीची गाठ सोडून माणूस आत जाईल एवढी वाट केली आणि तिथे स्टूल टाकून बसले.

"येवा! पण माझा ऐका. उपटलास तर हात मोडीन. नखान खुडा. शेंडा घ्या, मूळ ठेवा. ए बाये, मुठीन नको ओढू, कुणाचे केस आसत ते? हां, असा. मधीच येवा सगळी. टॉवराकडे जाव नको, थंयला देवाक चलणा नाय."

दिवस मावळेपर्यंत ते तिथे होते. येईल त्याला खुडायला शिकवत. मी बाजूला उभी. शेवटी गर्दी सरली तेव्हा म्हणाले, "कापणी झाली बघ. मशीन नाय, डिझेल नाय, माळी नाय. गणपतीक एकदा, मगे दर चतुर्थीक, अधनंमधनं मंगळवार. वरसभर लोकाच कापतले. जितक्या खुडतले तितक्या आडवा पसारता, एका शेंड्याक दोन फुटतत. म्हणान तर मधी ह्या लावलंय."

"तुम्हाला माहीत होतं? लोक येणार म्हणून?"

"कोकणातलो माणूस मी. गणपती कधी येता माका ठावक नाय?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगलेलंय. तू लिवत होतंस."

संध्याकाळी त्यांनी मला पेडणेकरांच्या घरी पाठवलं. एकटीला. मी म्हाताऱ्या आजींसमोर उभी राहिले आणि चुकले म्हणाले. उद्गारचिन्हाशिवाय. आजी जुड्या बांधत होत्या. "फोटोत मी जाडी दिसते," एवढंच म्हणाल्या आणि दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी बसले आणि जुड्या बांधू लागले. ग्रुपवरून फोटो त्याआधीच काढले होते.

अनंत चतुर्दशी येईपर्यंत भुसावळ दाट झालं होतं, जमीन दिसेनाशी. इगतपुरी टॉवरखाली पोपटी पसरलं. आणि चंद्रामावशीच्या कोपऱ्यात, जिथे खारं पाणी अजूनही रोज ओतलं जात होतं, वडाळा ताठ उभं राहिलं. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायची, "माझ्या मासळीच्या पाण्यावर आलंय ते. बोलायचं काम नाही."

दसऱ्याची सभा मैदानाच्या कडेलाच झाली. पेडणेकरांनी टर्फचे फायदे पुन्हा वाचून दाखवले, आणि ते खोटे नव्हते. पावसाळ्यात चिखल होणार, दर पावसाळ्यात मैदान दीड महिना बंद ठेवावं लागणार, हे खरंच होतं. माझं भाषण तयार होतं. काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा खुर्चीतून पेडणेकरांची आई म्हणाली, "बाळ, पुढच्या वर्षी गणपतीला मी काय प्लास्टिकच्या दूर्वा वाहू?"

चाळ हसली. पेडणेकर स्वतःही हसले, आणि मग त्यांनीच पहिला हात वर केला, गवतासाठी.

लोक मैदानात उतरले. खेळायला, तब्बल चार महिन्यांनी. पोरं लोळत होती. काका चप्पल काढून भुसावळच्या मधोमध उभे होते, तसेच, पाय जुळवून, हात मागे. मी त्यांच्याकडे धावत गेले आणि मला गवतावर लाल दिसलं.

"काका, रक्त!"

"खंय?"

टाचेत काचेचा तुकडा रुतला होता, बोटाच्या पेराएवढा. ते पार पलीकडच्या टोकापासून त्यावर चालत आले होते. मी खाली बसून तो ओढून काढला तेव्हाही त्यांचा चेहरा हलला नाही. ते मैदानाकडेच बघत होते.

डॉक्टरांनी त्यांच्यासमोर मला झापलं. इतकी जुनी साखर, पायातली जाणीव केव्हाच गेलेली, यांना अनवाणी फिरू कसं देता? किती वर्षांपासून, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बोथट तर चार-पाच वर्षं असेल. तळव्यांना आता काहीच कळत नाही. गरम नाही, गार नाही, टोचणं नाही.

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले. मे महिन्यातल्या त्या तापलेल्या तुकड्यावर ते शांतपणे उभे होते ते आठवलं. टाचेवरचा फोड आठवला. तव्यासारखा काय लादीसारखा. टाचेखाली भरीव काय पोकळ. भिंतीवर खडूने लिहिलेली माझी त्रासिक उत्तरं. मला वाटत होतं मला शिकवतायत. ते विचारत होते. खरोखरच विचारत होते.

मला राग आला, मला येतोच. "इतके महिने? मला सांगायचं नाही? आणि चप्पल कशाला काढायची मग, काही कळत नाही तर!"

ते पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "गवतात चप्पल घालून कसा जावचा?" आणि पट्टीचं टोक खोचत, "माका कळणा नाय म्हणान त तुका उभी केलंय. तुझा तोंड मोठा. लागला तर लागला म्हणतंस. बाकीची छान म्हणतत."

माझ्या स्वभावाबद्दल कुणी बोललेलं हे एकमेव चांगलं वाक्य आहे.

त्यानंतर मी त्यांना मऊ तळव्यांच्या निळ्या सँडल आणून दिल्या आणि रोज पाय तपासायला लागले. ते कुरकुरले, पण घालत. गवतात मात्र कधी गेले नाहीत. कडेच्या बाकावर बसायचे आणि मी आत चालायचे. "इगतपुरी, टॉवराकडची कड?" "गार. ओलं. थोडं निसरडं." "पाणी साठता थंय. खुरपून दी. भुसावळ?" "कोरडं. टोचतंय जरा." "टोचूं दे. पाणी देव नको. वडाळा?" चंद्रामावशी आमच्या आधी ओरडायची, "वडाळा मस्त आहे!" पोरांनी ही नावं उचलली. आजही क्षेत्ररक्षण लावताना ओरडतात, तू भुसावळला जा, तू इगतपुरीला थांब. त्यातल्या अर्ध्यांना ती खरी गावं आहेत हे ठाऊक नसेल.

पुढच्या गणपतीला काका स्टूल टाकून बसले. त्याच्या पुढच्या गणपतीलाही, पण त्या वेळी खुडायचं कसं ते आजी दाखवत होत्या आणि काका नुसते बघत होते. त्याच हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या दाराशी दूध तसंच राहिलं. झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल. मी म्हटलं, त्यांना कळत नसे असं समजू नका. उगाच भांडले त्या डॉक्टरांशी.

मुलगा गावाहून आला, दिवस केले, खोली आवरली. गॅलरीतली खोकी त्याने मला विचारून माझ्याकडे ठेवली. निळ्या सँडलही देऊ का म्हणाला. मी नको म्हटलं. मग जिन्यावरून परत वर गेले आणि घेऊन आले.

परवा मैदानात गेले. कामावर जायची घाई होती, तरी चप्पल काढली. टॉवरच्या बाजूला उभी राहिले, पाय जुळवून. बाकाकडे न बघता मोठ्याने म्हटलं, "गार आहे. कडेला ओल जास्त. डाव्या टाचेखाली पोकळ."

फाटकाशी मासळी मांडणाऱ्या चंद्रामावशीने मान वर केली. मला वाटलं विचारेल, कुणाशी बोलतेस गं एकटीच.

"पोकळ लागतंय ना?" ती म्हणाली. "मग माती घाल. उभी काय राहिलीस?"